पक्की नोकरी

माझ्या मुलीचं काम समाधानकारक नाही, असं तिला एका गुरुवारी दुपारी ई-मेलने कळवण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही, लॅपटॉप परत करायचा, दार उघडायचं कार्ड परत करायचं. ते पत्र तिच्या साहेबाला तिनेच वाचून दाखवलं, कारण त्या बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं. त्यानेच आदल्या शरद ऋतूत तिच्या कामाबद्दल इतकं चांगलं लिहिलं होतं की तिला बढती मिळाली होती, आणि आम्ही इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनी गावातल्या पाच-सहा घरी पेढे नेऊन दिले होते.

मला राग लवकर येतो, हे आमच्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. पार्किंगमध्ये दोन जागा अडवून गाडी लावणाऱ्यापासून मराठी मंडळाच्या जेवणात ताट भरभरून टाकून देणाऱ्यापर्यंत सगळ्यांवर मी चिडतो, आणि चहा पिईपर्यंत विसरतो. हा राग मात्र गेला नाही. बायको म्हणते, लिहून काढ म्हणजे बरं वाटेल. लिहायला बसलोय, बरं वाटेलसं दिसत नाही.

मुलगी नद्यांवर काम करायची. केंद्र सरकारच्या खात्यात. वरच्या भागात किती पाऊस झाला, किती बर्फ वितळतोय, यावरून कुठल्या नदीचं पाणी किती चढेल आणि कुठल्या गावाला आधी सांगायला हवं, हे काढायचं. त्याआधी ती एका विमा कंपनीत होती, पगार बराच जास्त होता. तिला तिथून सरकारी नोकरीत मी ढकललं. तिला नद्या आवडायच्या हे खरं, पण ती निर्णय घ्यायला कचरत होती आणि मी दोन शनिवार-रविवार तिच्या मागे लागलो होतो.

माझे वडील सांगलीला पाटबंधारे खात्यात कारकून होते. मुख्यमंत्री बदलले, मंत्री बदलले, साहेब तर ऋतूंसारखे बदलायचे, पण वडिलांचं टेबल आणि पहिल्या तारखेचा पगार तसाच राहिला. मी अमेरिकेत आलो आणि औषधं बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. दोनदा कंपनी विकली गेली आणि दोनदा मी पुठ्ठ्याच्या खोक्यात चहाचा कप नि घरच्यांचे फोटो घेऊन, शेजारी सिक्युरिटीवाला, असा गाडीपर्यंत चालत आलो. दोन्ही वेळा मला पहिली आठवण वडिलांच्या टेबलाची झाली. तेव्हा माझ्या मुलीवर ही पाळी येऊ नये म्हणून मी तिला सांगितलं, की राष्ट्राध्यक्ष येतात आणि जातात, नदीला पूर यायचा तो येतोच, ही पक्की नोकरी आहे. ती म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट इंडिया." मी म्हणालो, सरकार इथून तिथून सारखंच. इथल्या कुठल्याही माणसाने मला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या मंडळातले चार काका तिथे असते तर चौघांनीही मान डोलावली असती.

तीन वर्षं माझं म्हणणं खरं ठरलं. मग निवडणूक झाली, नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले, आणि त्यांच्या हाताखाली कोण कोण बसणार याच्या बातम्या रोज यायला लागल्या. परराष्ट्र कोण बघणार, अर्थखातं कुणाकडे, असल्या मोठ्या नावांशी आम्हांला घेणंदेणं नसतं. आम्ही थेट यादीच्या तळाशी जातो आणि आडनावं वाचतो. भारतीय सापडलं की मराठी आहे का ते बघतो. एका सकाळी त्या यादीत आमच्या मित्राच्या मुलाचं नाव होतं. राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या कार्यालयात, मोठ्या हुद्द्यावर. सरकारात कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं, हे जिथे ठरतं त्या विभागात.

हा मित्र मूळचा नागपूरचा, हृदयाचा डॉक्टर, आता निवृत्त. आम्ही दोघं एकाच वर्षी या देशात आलो. त्याचा मुलगा आणि माझी मुलगी त्याच्या बेसमेंटमध्ये एकत्र वाढली. मुलगा पुढे वकील झाला आणि प्रचारात काम करत करत तिथवर पोचला. त्या सकाळी माझा फोन इतका वाजत होता की बायकोने तो उशीखाली ठेवला. कुणी कुणाला मत दिलं होतं हे त्या दिवशी सगळे विसरले. मी या राष्ट्राध्यक्षांना मत दिलं नव्हतं. मित्रानेही दिलं नव्हतं, हे त्याने मला गॅरेजमध्ये नेऊन हळूच सांगितलं. पण आपला पोरगा तिथे बसणार म्हटल्यावर मलाही भरून आलं, हे कबूल केलं पाहिजे.

मंडळाने लगेच सत्कार ठरवला. आमच्याकडे कुणाचं काही चांगलं झालं की शाल, श्रीफळ आणि मानपत्र हे ठरलेलंच. गेली वीस-बावीस वर्षं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आहे. निवृत्त होणारे डॉक्टर, विज्ञान स्पर्धेत जिंकलेली मुलं, सगळ्यांची मी लिहिली. मंडळाची सेक्रेटरी पुण्याची, तरुण, उत्साही. तिने फोन करून सांगितलं, की पाडव्याच्या प्रोग्रॅमला तो येणार आहे, हॉल बुक केलाय, आणि फ्रेमवाल्याला वेळ लागतो तेव्हा काका, तुमचं डिसेंबरमध्येच द्या. मी एका बैठकीत लिहिलं. 'माणसं निवडण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे सोपवली जात आहे, त्यांनी लहानपणापासून माणसं जोडलीच' असं एक वाक्य मला विशेष साधलं होतं. ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

शपथविधीच्या दिवशी आम्ही दहा-बारा जण मित्राच्या बेसमेंटमध्ये त्या मोठ्या टीव्हीसमोर बसलो होतो. साबुदाणा वडे होते, श्रीखंड होतं. शपथ झाली, भाषण झालं, आणि मग नवे राष्ट्राध्यक्ष टेबलाशी बसून आदेशांवर सह्या करायला लागले. एकामागून एक. मागे अधिकाऱ्यांची रांग. त्यातला एक जण फाइल पुढे ठेवायचा, हा आदेश कशाचा ते दोन वाक्यांत सांगायचा, राष्ट्राध्यक्ष जाड पेनाने सही करायचे आणि कागद कॅमेऱ्याला दाखवायचे. रांगेत तिसरा मित्राचा मुलगा होता. वहिनी, म्हणजे त्याची आई, उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, त्यामुळे मागच्यांना काही दिसेना, पण कुणी काही बोललं नाही. प्रत्येक सहीला आम्ही टाळ्या वाजवत होतो. सरकारी नोकरभरती बंद, हा त्यातलाच एक आदेश. सगळ्या खात्यांतल्या कच्च्या, म्हणजे अजून कायम न झालेल्या नोकरांच्या याद्या मागवायच्या, हा दुसरा. ती फाइल पुढे आली तेव्हा तिच्यात काय आहे ते मोठ्याने सांगितलं गेलं. मी ऐकलं. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग चटणी कुठे आहे म्हणून विचारलं.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. ज्यांचं प्रोबेशनचं वर्ष संपलेलं नाही अशा सगळ्यांची नावं वरून मागितली होती, आणि त्यात तिचंही होतं. मी म्हणालो, तुला तीन वर्षं झाली, तुझा काय संबंध. ती म्हणाली, बढती मिळाली की नव्या जागेवर परत एक वर्ष नवीन धरतात. मी म्हणालो, नीट विचार, इतके मूर्ख नसतील ते. ते तेवढे मूर्ख होते. चांगलं काम केलं म्हणून बढती, बढती म्हणून नवीन, नवीन म्हणून कच्ची, आणि कच्ची म्हणून बाहेर. आणि बाहेर काढताना कारण काय, तर काम समाधानकारक नाही.

आता माझ्या जिवाचा संताप कशाने झाला ते सांगतो. मी एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम केलं. गोळ्यांचा एक घाणा तयार झाला की तो तपासायचा, आणि चांगला असो वा वाईट, कागद करायचा. कोणी तपासलं, कधी तपासलं, काय आकडा आला, तो पुन्हा कोणी तपासला, आणि खाली दोघांच्या सह्या. एखादा घाणा मी नुसतं 'असमाधानकारक' लिहून फेकून दिला असता तर संध्याकाळच्या आत मला घरी पाठवलं असतं. ताप उतरवायच्या साध्या गोळ्यांसाठी एवढं. माझ्या मुलीच्या तीन वर्षांच्या कामासाठी कुणी एक आकडा लिहिला नाही. पत्राखाली कुठल्याशा कार्यालयाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. तिच्याबरोबर आणखी चौघांना पत्र आलं आणि पाचही पत्रांत तेच वाक्य होतं.

ते वाक्य तिथेच संपलं असतं तर एक वेळ मी गिळलं असतं. ती आमच्याकडे राहायला आली आणि दुसरीकडे अर्ज करायला लागली. राज्य सरकारच्या फॉर्मवर प्रश्न होता, काम चांगलं नाही म्हणून आपल्याला कधी काढलं गेलं आहे काय. एका धरणाच्या कंपनीत तोच प्रश्न. जुन्या विमा कंपनीतही तोच. खोटं लिहावं तर पत्र कधीही बाहेर येणार, आणि खरं लिहावं तर ते खरं नाही. जेवणाच्या टेबलावर ती त्या चौकटीकडे बघत बसायची. मग तीन-चार दिवसांनी मला म्हणाली, की मला नोकरी परत नको आणि माझ्यासाठी कुणाकडे शब्दही टाकायचा नाही. हे वाक्य खोटं आहे, एवढं त्यांच्यापैकी कुणीतरी लिहून द्यावं. पाचही जणांसाठी.

शब्द टाकायचा नाही म्हणाली, पण मी मित्राला फोन केला. चाळीस वर्षांची मैत्री आहे, म्हटलं, त्याला समजेल. त्याने सगळं ऐकून घेतलं. मुलगा हल्ली आमचाही फोन उचलत नाही म्हणाला. आणि मग म्हणाला, "अरे, पॉलिसी आहे ती. पर्सनल नको घेऊस यार." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला विचारलं, की तू पेशंटची छाती उघडायच्या आधी त्याचा रिपोर्ट बघायचास, की यादीत नाव आहे म्हणून कापायचास? मी आणखी दोन गोष्टी बोललो, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, आणि त्याने फोन ठेवला. मी शांतपणे बोलायला हवं होतं असं बायको म्हणते. मला अजूनही तसं वाटत नाही.

त्याच तिरमिरीत मी सेक्रेटरीला फोन लावला आणि माझं मानपत्र परत द्या म्हणून सांगितलं. ती म्हणाली, काका, फ्रेम झालीय, आणि फार सुंदर झालीय. मी म्हणालो, मग मी वाचणार नाही. माझी कल्पना होती की आता फोनाफोनी होईल, दोन-चार जण समजूत घालायला घरी येतील, सत्कारच पुढे ढकलतील. ती म्हणाली, हरकत नाही काका, मी वाचते. इतकं सहज म्हणाली की मी फोन हातात धरून नुसता उभा राहिलो.

बायकोचं मत होतं, जाऊच नये. मुलगी म्हणाली जाऊ या. भांडायचं नाही, एवढीच अट घातली. "जस्ट आस्क हिम, कोणी तपासलं. तू कारखान्यात विचारायचास तसं." नुकतंच माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा गाडी तीच चालवणार होती. मी आठवडाभर तयारी केली. दाढी करताना, फिरायला गेल्यावर, तीन वाक्यं घोकून ठेवली. इंग्रजीत घोकली, कारण मराठीत हा मुलगा माझ्यासाठी बाळ्याच होता, रविवारच्या मराठी शाळेत मी त्याला बाराखडी शिकवली होती, आणि मराठीत माझा आवाज मऊ पडला असता. हिच्या कामाचं मूल्यमापन कोणी केलं, त्या माणसाचं नाव सांग, आणि नसेल तर तसं लिहून दे. एवढंच. ही तीन वाक्यं मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणणार, असं मी मुलीला वचन दिलं.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. स्टेजवर वाळूच्या बादलीत गुढी उभी केली होती. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. सेक्रेटरीने मानपत्र फार छान वाचलं, माझ्यापेक्षा छान. माणसं जोडली, या वाक्याला टाळ्या पडल्या आणि पुढचे चार-पाच जण मागे वळून माझ्याकडे बघून हसले, कारण माझी भाषा त्यांना ओळखू येते. मला उठून ओरडावंसं वाटलं की हे माझं नाही. पण ते माझंच होतं. मग तो बोलला, आधी दोन वाक्यं मराठीत आणि मग इंग्रजीत. या हॉलमधल्या काका-काकूंनी मला मेहनतीची किंमत शिकवली, असं म्हणाला. सगळे उभे राहिले. माझी मुलगी बसून राहिली आणि मीही बसून राहिलो, आणि त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

जेवणाची रांग लागल्यावर आम्ही कोट अडकवतात त्या पॅसेजमध्ये जाऊन थांबलो. त्याने आम्हांला लांबूनच पाहिलं. भोवतीच्या लोकांना बाजूला सारून सरळ आमच्याकडे आला. खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. चेहरा ओढलेला होता. माझं पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं. त्याने नारळ खिडकीत ठेवला आणि तो वाकला. हल्लीची मुलं गुडघ्यापर्यंत हात नेऊन उरकतात तसं नाही, पूर्ण वाकला, दोन्ही हात माझ्या बुटांवर टेकवले. आणि माझा उजवा हात उठला, त्याच्या डोक्यावर गेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "यशस्वी हो. मोठा हो."

मी ते म्हटलं हे मला म्हटल्यानंतर कळलं. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा साफ बदलला होता. संध्याकाळभर तो मला घाबरून होता, हे मला तेव्हा समजलं, आणि आता त्याला घाबरायचं कारण उरलं नव्हतं. थँक यू, काका, म्हणाला. मी तोंड उघडलं, पण घोकलेल्या इंग्रजीतला एक शब्द आठवेना.

शेवटी मुलीनेच विचारलं. आवाज न चढवता, आम्ही कारखान्यात विचारायचो तसंच. माझं काम कोणी तपासलं? तो तिच्याकडे बघून कसंनुसं हसला, लहानपणी हिच्याकडून पत्त्यांत हरल्यावर हसायचा तसं, आणि म्हणाला, "कुणीच नाही. इट वॉज अ लिस्ट." ती म्हणाली, एवढंच लिहून दे. तो म्हणाला, यू नो आय कान्ट. मग फोटोसाठी त्याला हाक आली. जाताना खिडकीतला नारळ त्याने आठवणीने उचलला.

आम्ही न जेवता निघालो. गाडीत मी बोलत सुटलो. त्याच्यावर, त्याच्या बापावर, त्या टेबलावर आणि जाड पेनावर, यादी करणाऱ्यांवर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर. तोंडातून निघून गेलं गं, म्हणालो, सवय आहे, कुणीही वाकलं की निघतं, त्याला काही अर्थ नसतो. ती समोर बघून गाडी चालवत होती. पुढचा सिग्नल लाल झाला तेव्हा गाडी थांबवून ती म्हणाली,

"बाबा, त्याला तू काहीही न विचारता आशीर्वाद दिलास. आय गेट इट. पण मला ते पत्र आलं आणि मी तुला फोन केला, तेव्हा तू मला पहिलं काय विचारलंस, आठवतं?"

मला आठवत होतं. तरी तिनेच सांगितलं.

"तू विचारलंस, तुझं खरंच काही चुकलं नाही ना?"

सिग्नल हिरवा झाला आणि तिने गाडी पुढे नेली. मी तसं विचारलं होतं. तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं.